सुपरनोव्हातलं निकेल मोजायचं असेल तर प्रकाशवक्राची शेपटी गाठा

तुमच्याकडे टाइप टू-पी जातीच्या (स्फोटानंतर साधारण शंभर दिवस ज्याचा उजेड एका पठारावर टिकून राहतो अशा) एका सुपरनोव्हाची व्ही (हिरवट-पिवळ्या) फिल्टरमधली मोजमापं आहेत. पठारावर प्रत (तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधुक) १४.०, स्फोटानंतर २०० व्या दिवशी १७.१, दीर्घिकेचं अंतर १२ मेगापार्सेक (सुमारे ३.९ कोटी प्रकाशवर्षं) आणि वाटेतल्या धुळीमुळे झालेली घट ०.३ प्रत. त्यावरून किरणोत्सारी निकेलचं वस्तुमान काढल्यावर दहाव्या दिवसाच्या उजेडातून ०.०४, पन्नासाव्या दिवसाच्या उजेडातून ०.१५ आणि दोनशेव्या दिवसाच्या उजेडातून ०.०२७ सौरवस्तुमान आलं. यातला खरा आकडा कोणता, आणि अशाच सुपरनोव्हांसाठी शोधनिबंधांत ०.०५ च्या आसपासचे आकडे का दिसतात, असं तुम्ही विचारलं आहे.

तिन्हींपैकी एकही खरा नाही. पहिल्या दोन दिवशी तुम्ही जो उजेड मोजलात तो मुळात निकेलचा नव्हता. तिसऱ्यांदा दिवस अगदी बरोबर निवडलात, पण प्रतीचं अर्गमध्ये (ऊर्जेच्या एककात) रूपांतर करताना दोन वेगळ्या मोजपट्ट्यांची शून्यं एकत्र आली. ती दुरुस्ती केली की तुमच्याच मोजमापांतून ०.०४८ येतं. ते कसं, हे खाली सविस्तर लिहितो. मात्र त्या आकड्यावर किती विसंबायचं हे बरंचसं अंतरावर आणि धुळीवर अवलंबून आहे. किरणोत्साराचं गणित हा या सगळ्या कामातला सर्वांत पक्का भाग आहे.

आधी उजेड कुठून येतो ते पाहू. जड ताऱ्याचा गाभा कोसळतो, आघातलहर बाहेर सुटते आणि गाभ्यालगतचे सिलिकॉन-ऑक्सिजनचे थर तापतात. जिथे तापमान ५ अब्ज केल्विनच्या वर जातं तिथलं द्रव्य जवळजवळ सगळं लोहगटातल्या अणूंमध्ये बदलतं. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन सारखेच असतील तर मुख्यतः निकेल-५६ बनतं. १०^५१ अर्गच्या स्फोटासाठी ही हद्द केंद्रापासून साधारण ३,७०० किलोमीटरवर येते. एवढ्या भागात किती द्रव्य होतं आणि त्यातलं किती न्यूट्रॉन ताऱ्यावर परत पडलं, यावर निकेलचा साठा ठरतो. म्हणूनच या आकड्याला महत्त्व आहे. स्फोटाची ताकद आणि गाभ्याजवळची घनता या दोन्ही गोष्टी त्यातून डोकावतात, आणि एरवी तिथवर पोचायला फारसा मार्ग नाही.

निकेल-५६ चं अर्धायुष्य ६.१ दिवस. त्याचं कोबाल्ट-५६ होतं, त्याचं अर्धायुष्य ७७.२ दिवस, आणि शेवटी स्थिर लोह-५६ उरतं. पन्नासाव्या दिवशी मूळ निकेलचा जेमतेम तीनशेवा भाग शिल्लक असतो. त्यामुळे 'निकेल मोजतो' असं आपण म्हणत असलो तरी प्रत्यक्षात कोबाल्टच्या क्षयातून सुटलेले गॅमा किरण आणि पॉझिट्रॉन द्रव्याला तापवतात, आणि ती ऊर्जा दृश्य व अवरक्त प्रकाशाच्या रूपात आपल्यापर्यंत येते.

आता पठार. टू-पी सुपरनोव्हाचा मूळ तारा म्हणजे लाल महाराक्षसी तारा: सूर्याच्या कित्येक शेकडा पट त्रिज्या आणि हायड्रोजनचं भलंमोठं आवरण. आघातलहर या आवरणातून जाताना त्यात प्रचंड उष्णता साठवून जाते. पुढे आवरण फुगत आणि निवत जातं. सुमारे ६,००० केल्विनला आयनीभूत हायड्रोजन पुन्हा इलेक्ट्रॉन पकडतो, पारदर्शक होतो आणि तिथवर अडकलेला उजेड मोकळा होतो. हा पुनर्संयोगाचा थर साधारण शंभर दिवस आत आत सरकत राहतो, म्हणून प्रत जवळजवळ स्थिर दिसते. निकेल पठाराची लांबी काही दिवसांनी वाढवतं, पण पठाराची उंची मुख्यतः ताऱ्याची त्रिज्या, स्फोटाची ऊर्जा आणि आवरणाचं वस्तुमान यांवर ठरते. गॅस बंद केल्यावरही तवा बराच वेळ धग देत राहतो; त्या धगीवरून सिलिंडरमध्ये किती गॅस आहे हे सांगता येत नाही.

हे तपासायची सोपी खूण तुमच्याच आकड्यांत आहे. उजेड खरोखर निकेलमुळे असता, तर कुठल्याही दिवशी तेच वस्तुमान निघायला हवं होतं. तुमचा उजेड दहाव्यापासून पन्नासाव्या दिवसापर्यंत तसाच राहिला आणि त्या काळात किरणोत्साराची ऊर्जा साडेतीन पटींनी घटली, म्हणून भागाकार ०.०४ वरून ०.१५ वर गेला. दिवस बदलला की उत्तर बदलतं, याचाच अर्थ ऊर्जेचा स्रोत दुसरा आहे. दहाव्या दिवसाचा ०.०४ खऱ्या उत्तराच्या जवळ वाटतो, पण तो योगायोग आहे, त्याला पुरावा समजू नका.

तुम्ही वापरलेला नियम, म्हणजे 'कमाल तेजाच्या क्षणी बाहेर पडणारा उजेड हा त्याच क्षणीच्या किरणोत्सारी ऊर्जेइतका असतो', हा डेव्हिड आर्नेट यांनी १९८२ मध्ये मांडलेला नियम. हायड्रोजन नसलेल्या, छोट्या ताऱ्याच्या स्फोटात सगळा उजेड निकेलचाच असतो, तिथे त्याला अर्थ आहे. टाइप वन-ए साठी (पांढऱ्या बटू ताऱ्याच्या स्फोटासाठी) तो चांगला चालतो. टू-पी च्या पठाराला तो लावायचाच नाही.

म्हणून थांबायचं. पठार संपलं की आठ-पंधरा दिवसांत उजेड दीड ते दोन प्रतींनी, कधी त्याहूनही जास्त खाली येतो आणि मग उजेडाचा आलेख, म्हणजे प्रकाशवक्र, एका सरळ उताराला लागतो. हीच शेपटी. साठवलेली उष्णता संपलेली असते आणि हाती उरतो तो फक्त कोबाल्टचा क्षय. सगळे गॅमा किरण द्रव्यातच शोषले जात असतील तर गणित एका ओळीचं आहे:

तेजस्विता (अर्ग प्रति सेकंद) = १.४३ × १०^४३ × निकेलचं वस्तुमान (सौर) × ई^(−दिवस/१११.४)

इथे १११.४ हे कोबाल्टचं सरासरी आयुष्य, दिवसांत. दिवस स्फोटापासून मोजायचे. सुपरनोव्हा सापडला त्या तारखेपासून किंवा कमाल तेजापासून मोजू नका. २०० व्या दिवशी घातांकाची किंमत ०.१६६ येते, म्हणजे एका सौरवस्तुमानाच्या निकेलमागे २.३७ × १०^४२ अर्ग प्रति सेकंद. आता तुमच्या सुपरनोव्हाची तेजस्विता काढून तिला याने भागायचं, एवढंच काम उरतं.

इथेच तुमचा ०.०२७ घडला. मारिओ हामुय यांनी २००३ मध्ये टू-पी सुपरनोव्हांच्या शेपटीसाठी व्ही फिल्टरपासून एकूण तेजस्वितेकडे जाणारी दुरुस्ती दिली: ०.२६ ± ०.०६. ती १९८७ए आणि १९९९ईएम या दोन सुपरनोव्हांवरून काढलेली आहे. तुम्ही ०.२६ उचललंत आणि पुढे सूर्याची बोलोमेट्रिक (सर्व तरंगलांबींचा उजेड धरणारी) निरपेक्ष प्रत ४.७४ धरून अर्ग काढलेत. पण हामुय यांच्या बोलोमेट्रिक प्रतीचं शून्य सूर्याच्या या मोजपट्टीचं नाही. दोन्हींत ०.६१ प्रतीचा, म्हणजे १.७५ पटीचा फरक आहे. त्यांची दुरुस्ती त्यांच्याच सूत्रात घालायची:

लॉग (तेजस्विता) = −(प्रत − धुळीची घट + ०.२६)/२.५ + २ × लॉग (अंतर, सेंटिमीटरमध्ये) − ३.२५६

तुमचे आकडे घालू. १७.१ − ०.३ + ०.२६ = १७.०६, भागिले २.५ म्हणजे ६.८२४. बारा मेगापार्सेक म्हणजे ३.७०३ × १०^२५ सेंटिमीटर, त्याच्या लॉगची दुप्पट ५१.१३७. तेव्हा ५१.१३७ − ६.८२४ − ३.२५६ = ४१.०५७, म्हणजे १.१४ × १०^४१ अर्ग प्रति सेकंद. याला २.३७ × १०^४२ ने भागलं की ०.०४८. सूर्याच्या मोजपट्टीवरच राहायचं असेल तर +०.२६ च्या जागी −०.३५ घाला, उत्तर तेच येईल. दोन्ही पट्ट्यांवर एकदा करून पाहा आणि जुळलं की पुढे चला. या गफलतीत चिन्हही फिरतं, त्यामुळे एका पट्टीवर काम करताना ती नजरेतून सहज निसटते.

हामुय यांच्याच लेखातलं वस्तुमानाचं सूत्र वापरलंत तर ०.०५१ येईल. त्यांचा किरणोत्साराचा स्थिरांक थोडा वेगळा आहे, फरक साधारण सात टक्क्यांचा. म्हणून दोन निबंधांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी दोघांनी कोणता स्थिरांक घेतला ते पाहावं, आणि आपण कोणता घेतला तेही लिहून ठेवावं.

पडताळणीसाठी १९८७ए हाताशी ठेवा. २३ फेब्रुवारी १९८७ ला मोठ्या मॅजेलनी मेघात दिसलेला हा सुपरनोव्हा अवघ्या ५० किलोपार्सेकवर आहे. न्यूट्रिनो पकडले गेल्यामुळे गाभा कोसळल्याची वेळ नेमकी माहीत आहे, अतिनील ते अवरक्त असा पूर्ण पट्टा मोजला गेला, आणि कोबाल्टच्या ८४७ आणि १,२३८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा रेषाही उपग्रहाने टिपल्या. त्याचं निकेल ०.०७ ते ०.०७५. त्याच वयाच्या दिवशी तुमच्या सुपरनोव्हाची तेजस्विता त्याच्या किती पट आहे हे काढून त्या गुणोत्तराने ०.०७५ ला गुणा. फायदा असा की किरणोत्साराचे स्थिरांक गुणोत्तरात कटतात. मात्र दोन्हीकडे सारखेच फिल्टर हवेत. तुमच्याकडे बी-व्ही-आर-आय एवढेच असतील आणि १९८७ए चा अवरक्तासह पूर्ण आलेख घेतलात, तर निकेल हमखास कमी येईल, कारण शेपटीत अवरक्ताचा वाटा मोठा असतो.

फक्त आर फिल्टर असेल तर ०.२६ तिथे लावू नका. शेपटीच्या काळात वर्णपटावर हायड्रोजनची एच-अल्फा रेषा प्रबळ होते आणि ती नेमकी आर मध्ये पडते. प्रत्येक फिल्टरची दुरुस्ती वेगळी.

आता अनिश्चितता. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ द्यावा तो इथे, आणि प्रकल्पअहवालांत सर्वांत कमी जागा मिळते तीही यालाच.

पहिला क्रमांक अंतराचा. तेजस्विता अंतराच्या वर्गाने बदलते, म्हणून अंतरात १० टक्के चूक म्हणजे निकेलमध्ये २० टक्के. १९९९ईएम हे चांगलं उदाहरण आहे. त्याच्या एनजीसी १६३७ या दीर्घिकेचं अंतर प्रसरण पावणाऱ्या प्रकाशगोलाच्या पद्धतीने ८ मेगापार्सेकच्या आसपास आलं होतं. पुढे सेफिड (ठरावीक काळाने तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांवरून ११.७ मेगापार्सेक निघालं. एवढ्यानेच निकेल दुप्पट होतं, आणि प्रकाशवक्रातला एकही बिंदू हललेला नसतो. तुमचं १२ मेगापार्सेक ताम्रसृतीवरून (वर्णपट तांबड्या बाजूला किती सरकला त्यावरून) निघालेल्या वेगाला हबल स्थिरांकाने भागून आलं असेल तर ते वापरू नका. एवढ्या जवळच्या दीर्घिकेचा प्रसरणवेग सुमारे ८४० किलोमीटर प्रति सेकंद असतो आणि तिचा स्वतःचा इकडेतिकडे जाण्याचा वेग सहज ३०० असू शकतो. अंतरात पस्तीस टक्के घोळ म्हणजे निकेल निम्म्याहून कमी किंवा जवळपास दुप्पट. सेफिड किंवा लाल राक्षसी ताऱ्यांच्या तेजमर्यादेवरून काढलेलं अंतर मिळालं तर ते घ्या. नाहीतर टली-फिशर पद्धतीचं (दीर्घिकेच्या फिरण्याच्या वेगावरून काढलेलं) घ्या, पण त्याची अनिश्चितता जशीच्या तशी पुढे न्या.

दुसरा क्रमांक धुळीचा. आपल्या आकाशगंगेतली घट श्लाफ्ली आणि फिंकबायनर यांच्या २०११ च्या नकाशावरून मिळते, तिची फारशी चिंता नाही. यजमान दीर्घिकेतली घट हा खरा त्रास. सोडियमच्या जोडरेषेच्या रुंदीवरून ती काढायची प्रथा आहे, पण कमी विभेदनाच्या वर्णपटात त्या दोन रेषा एकमेकींत मिसळतात, आणि धूळ जास्त असेल तर रेषा संपृक्त होते. ती रेषा दिसतच नसेल तर 'धूळ नगण्य' म्हणणं बऱ्यापैकी सुरक्षित. दिसत असेल तर पठारावरचा रंग धूळ नसलेल्या ओळखीच्या सुपरनोव्हाच्या रंगाशी ताडून पाहा, आणि दोन्ही पद्धतींतला फरक हीच अनिश्चितता धरा. व्ही मध्ये ०.१५ प्रतीची शंका म्हणजे निकेलमध्ये १४ टक्के.

बाकीचे घटक लहान आहेत. बोलोमेट्रिक दुरुस्तीचे ०.०६ म्हणजे साडेपाच टक्के. स्फोटाच्या तारखेत पाच दिवस इकडेतिकडे झाले तर साडेचार टक्के. ही तारीख 'शेवटचं न दिसणं' आणि 'पहिलं दिसणं' यांच्या मधोमध धरतात, आणि हल्लीच्या सर्वेक्षणांमुळे ते अंतर बऱ्याचदा दोन-तीन दिवसांचंच असतं. मोजमापाची ०.०५ प्रत म्हणजे पावणेपाच टक्के. अंतराची अनिश्चितता १० टक्के धरून या सगळ्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की साधारण २६ टक्के येतात. तेव्हा तुमचं उत्तर ०.०४८ ± ०.०१२. यात याहून जास्त दशांश लिहिणं म्हणजे नसलेली अचूकता दाखवणं होईल, ०.०५ ± ०.०१ म्हणालात तरी चालेल. ताम्रसृती ०.०३ च्या पुढे असेल तर दिवसांना (१ + ताम्रसृती) ने भागायला विसरू नका. तुमच्या अंतरावर त्याचा परिणाम नगण्य आहे.

यानंतर एक अट तपासायची राहते: गॅमा किरण खरोखर सगळे अडकताहेत का? त्यासाठी एक बिंदू पुरत नाही. निदान साठ दिवसांत पसरलेले चार-पाच बिंदू हवेत. पूर्ण शोषण असेल तर शेपटीचा उतार १०० दिवसांना ०.९८ प्रत असतो. एकट्या व्ही फिल्टरमध्ये थोडा कमीजास्त दिसू शकतो, म्हणून शक्य असेल तर उतार बोलोमेट्रिक आलेखावर काढा.

उतार तीव्र निघाला तर गॅमा किरण निसटताहेत. अशा वेळी शोषलेला भाग १ − ई^(−(टी/दिवस)²) असा धरतात, टी हा निसटण्याचा काळ. टी ३०० दिवस असेल तर २०० व्या दिवशी ८९ टक्के ऊर्जा अडकते आणि उतार साधारण १.२६ होतो. म्हणजे १.२६ चा उतार दिसूनही साधं सूत्र वापरलंत तर निकेल दहा टक्क्यांनी कमी मोजाल. टी १५० असेल तर जेमतेम ४३ टक्के अडकते, तिथे दुरुस्ती न करता चालणारच नाही. एम७४ मधल्या २०१३ईजे ची शेपटी अशीच तीव्र होती. पॉझिट्रॉन मात्र जागच्या जागी शोषले जातात असं धरतात. कोबाल्टच्या ऊर्जेत त्यांच्या गतिज ऊर्जेचा वाटा तीन-साडेतीन टक्के.

उतार ०.९८ पेक्षा सौम्य निघाला तर दोन शंका घ्या. पहिली, आणि फार वेळा खरी ठरणारी: यजमान दीर्घिकेचा उजेड तुमच्या मोजमापात मिसळतो आहे. पठारावर १४ व्या प्रतीचा तारा असताना मागचा हायड्रोजनचा तेजोमेघ कळतही नाही. तोच तारा १७-१८ वर गेला की मेघाचा उजेड जाणवण्याइतका भरतो. तो उजेड स्थिर असल्यामुळे शेपटी सपाट दिसते आणि निकेल जास्त येतं. उपाय एकच, प्रतिमेची वजाबाकी. सुपरनोव्हा उगवण्यापूर्वीची किंवा तो पुरता विझल्यानंतरची त्याच फिल्टरमधली प्रतिमा घ्या. जुनी प्रतिमा नसेल तर पॅन-स्टार्स किंवा स्लोन या आकाश-सर्वेक्षणांच्या संग्रहातली चालते, पण फिल्टर वेगळे असल्यामुळे रंगाची दुरुस्ती करावी लागते. तुमच्या प्रश्नात वजाबाकीचा उल्लेख नाही. केली नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती करा.

दुसरी शंका म्हणजे ताऱ्याने मरण्याआधी टाकलेल्या वायूवर स्फोटाचं द्रव्य आदळतंय आणि त्यातून जादा उजेड निघतोय. वर्णपटात हायड्रोजनच्या अरुंद रेषा किंवा एच-अल्फाची चौकोनी, पसरट आकृती दिसते का ते पाहा. दिसली तर शेपटीतून येणारं वस्तुमान ही फक्त वरची मर्यादा. टू-एन जातीत, जिथे अशी टक्करच प्रबळ असते, तर या पद्धतीने निकेल काढायच्या भानगडीत पडू नये.

शेपटीचा कुठला भाग वापरावा? मी १३० ते ३०० दिवसांचा पट्टा सुचवेन. त्याआधी पठाराची उतरण पूर्ण झालेली नसू शकते. चारशे-पाचशे दिवसांनंतर स्फोटाच्या द्रव्यातच धूळ तयार होऊ लागते. १९८७ए मध्ये तसंच झालं: दृश्य उजेड पटकन घसरला, अवरक्त वाढला, आणि रेषांची तांबडी बाजू खाल्ली गेली. त्या काळातला एकटा व्ही फिल्टर घेतला तर निकेल कमी मोजलं जातं. त्याही पुढे, हजार दिवसांच्या सुमारास, कोबाल्ट-५७ चा वाटा जाणवू लागतो, पण तुमच्या कामाशी त्याचा संबंध नाही.

शेपटीचे बिंदू फारच कमी असतील तर एक जोडमार्ग आहे: पठारावरून शेपटीकडे उतरताना आलेख सर्वांत उभा कुठे होतो तिथला उतार मोजायचा. एलम्हमदी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दिलेल्या संबंधानुसार लॉग (निकेल) = −६.२२९५ × उतार − ०.८१४७, उतार प्रत प्रतिदिन. ०.०८ उतार आला तर निकेल ०.०४९. जितकी उभी घसरण, तितकं निकेल कमी. याचा मोठा गुण असा की यात अंतर आणि धूळ लागत नाहीत. म्हणूनच तुमच्याकडे त्या पंधरवड्यातली दाट निरीक्षणं असतील तर हा आकडा जरूर काढा. शेपटीच्या उत्तराशी तो फार फटकून असेल तर अंतराकडे किंवा धुळीकडे पुन्हा वळायची ती सूचना समजा. स्वतंत्र मोजमाप म्हणून मात्र छापू नका, कारण त्याचं अंशांकन शेपटीवरूनच केलेलं आहे.

तुम्ही जाता जाता विचारलं आहे की टू-बी, वन-बी, वन-सी या जातींनाही हेच लागू होईल का. तत्त्व तेच, पण तपशील बदलतो. यांचं हायड्रोजनचं आवरण बरंचसं किंवा पूर्ण गेलेलं असतं, द्रव्य थोडं आणि वेगवान, म्हणून गॅमा किरण लवकर निसटतात. टी चं मूल्य शंभर दिवसांच्या आसपास धरलं तर ६० व्या दिवशी ९४ टक्के, १०० व्या दिवशी ६३ आणि २०० व्या दिवशी फक्त २२ टक्के ऊर्जा अडकते. तेव्हा साठाव्या दिवसापासूनचा आलेख घेऊन निकेल आणि टी दोन्ही एकत्र जुळवावे लागतात. कमाल तेजावर आर्नेटचा नियम लावण्याची पद्धत इथे सर्रास आहे, पण तो या जातींत निकेल जास्त दाखवतो. खतामी आणि केसन यांनी २०१९ मध्ये दिलेला सुधारित संबंध निकेल द्रव्यात कुठवर मिसळलं आहे याचा हिशेब ठेवतो, म्हणून तो बरा.

याचा परिणाम बारीकसारीक नाही. २०१९ मध्ये अँडरसन यांनी प्रकाशित आकड्यांचं संकलन केलं त्यात मध्यक असे आले: टू जातीसाठी ०.०३२, टू-बी साठी ०.१०२, वन-बी साठी ०.१६३, वन-सी साठी ०.१५५, आणि रुंद रेषांच्या वन-सी साठी ०.३६९. टू आणि वन-बी चे मूळ तारे फार वेगळे नसतील तर पाचपट फरक का पडावा? त्यातला काही भाग खरा असेल, काही भाग 'उजळ असतात तेच सापडतात' यातून येतो, आणि काही भाग आर्नेटच्या नियमाचा. न्यूट्रिनोंच्या जोरावर होणाऱ्या स्फोटांच्या गणितात ०.२ च्या वर निकेल काढणं कठीण जातं, त्यामुळे हा वाद तिथपर्यंत पोचतो. एका जातीचा शेपटीवरून काढलेला आकडा दुसऱ्या जातीच्या कमाल तेजावरून काढलेल्या आकड्यापुढे ठेवू नका.

आता तुमच्या सुपरनोव्हापुरतं. पुढची निरीक्षणं मिळवता येणार असतील तर २२० ते ३०० दिवसांमध्ये दर पंधरा दिवसांनी एक बिंदू पुरेसा आहे, आणि व्ही सोबत आय आणि जमल्यास एखादा अवरक्त फिल्टर घ्या. १७ ते १८.५ प्रतीच्या लक्ष्याला मोठी दुर्बीण लागत नाही. हान्लेची ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण, जी मुंबईची आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था मिळून चालवतात, किंवा तिथलीच दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण अशा कामाला योग्य आहे. एम१०१ मधल्या २०२३आयएक्सएफ चा पाठपुरावा या दोन्हींनी केला होता. निरीक्षणवेळेच्या अर्जात 'कोबाल्ट शेपटीचा उतार मोजणे' असं नेमकं लिहा आणि किती दिवसांच्या अंतराने किती बिंदू हवेत ते द्या.

पुढची निरीक्षणं मिळणार नसतील तर आहे त्यावर निकाल लिहा, पण आकड्यासोबत पाच गोष्टी द्या: अंतर आणि ते कोणत्या पद्धतीचं, एकूण धूळ-घट, स्फोटाची धरलेली तारीख, बोलोमेट्रिक दुरुस्ती व तिची मोजपट्टी, आणि गॅमा किरण पूर्ण अडकतात असं धरलं की नाही. उद्या त्या दीर्घिकेचं नवं अंतर आलं तर तुमचा आकडा कुणालाही दोन मिनिटांत बदलून घेता येईल. शेपटीत सुपरनोव्हा दिसलाच नाही आणि फक्त 'अमुक प्रतीपेक्षा अंधुक' एवढं हाती असेल, तर त्या प्रतीवरून वरची मर्यादा काढून तीच छापा. एम५१ मधल्या २००५सीएस सारख्या अंधुक टू-पी सुपरनोव्हांत निकेल एका सौरवस्तुमानाच्या काही हजारांश भागाइतकंच निघालं आहे, तेव्हा ०.०१ च्या खालची मर्यादाही कामाची असते.